पुरात भिजलेली हार्ड डिस्क, जत्रेतला पेनड्राईव्ह आणि इतर प्रश्न

संगणकात माहिती कुठे आणि कशी साठवावी यावर प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात छापलं होतं. लोकांनी प्रश्न कमी आणि कबुलीजबाब जास्त पाठवले. बऱ्याच पत्रांत ‘घरी अजून सांगितलेलं नाही’ असं लिहिलंय, त्यामुळे नावं गाळून फक्त गावं ठेवली आहेत. मी कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : सांगलीत १९९४ पासून माझं संगणक जोडणी-दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्यायचे आणि रात्रीच्या एसटीने परत यायचे. पहिली हार्ड डिस्क आणली ती मांडीवर ठेवून. २१० एमबीची होती. शेजारच्या बाईंना वाटलं, डब्यात पेढे आहेत.

आमच्या पुस्तकात रॅमला प्रायमरी आणि हार्ड डिस्कला सेकंडरी म्हटलंय. पण सगळं तर हार्ड डिस्कवरच असतं, मग ती दुय्यम कशी? सरांना विचारलं तर म्हणाले, पाठ कर.
– अकरावीतली विद्यार्थिनी, मिरज

सरांना पोर्शन संपवायचा असतो गं. पण शंका चांगली आहे. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाची नव्हे. प्रोसेसरचा हात थेट कुठे पोचतो, यावरून हे नाव पडलंय. त्याचा हात पोचतो रॅमपर्यंत. हार्ड डिस्क, एसएसडी (म्हणजे तिचं फिरती तबकडी नसलेलं, चिपवालं भावंड), पेनड्राईव्ह, सीडी यांतलं काहीच त्याला थेट वाचता येत नाही. तिथला माल आधी रॅममध्ये आणावा लागतो, तोही सुटा नाही, गठ्ठ्यानेच. हार्ड डिस्कवर हा गठ्ठा पूर्वी ५१२ बाइटांचा असायचा, आता बहुधा ४०९६ बाइटांचा असतो.

तू मिरजेची, म्हणजे हरिपूर काही लांब नाही. तिथली हळदीची पेवं बघितली आहेस का? जमिनीत खोल खणलेली, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण सौदा करायचा तर ती वर काढून, गाडीत घालून यार्डात आणावी लागे. पेवात उतरून कुणी भाव करत नसे. रॅम म्हणजे यार्डातली सौद्याची जागा. काम तिथे होतं आणि संध्याकाळी ती झाडून मोकळी होते. वीज गेली की रॅम रिकामी, पेवातला माल मात्र जागच्या जागी.

असं पहिलं चुंबकीय तबकड्यांचं पेव आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलं. रॅमॅक त्याचं नाव. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, वजन एक टनाच्या वर, आणि मावायची ५० लाख अक्षरं. तुझ्या मोबाइलमधला एक फोटो त्यात मावला असता किंवा नसताही.

परीक्षेत मात्र चुंबकीय तबकडी, चुंबकीय फीत, प्रकाशीय तबकडी (सीडी, डीव्हीडी) आणि फ्लॅश (पेनड्राईव्ह, एसएसडी) असे प्रकार लिहून ये. फ्लॉपी चुंबकीय तबकडीतच घाल. मार्क त्याला आहेत, पेवाला नाहीत.

जुलै २०२१ च्या पुरात आमची एक्स्टर्नल हार्ड डिस्क दीड दिवस पाण्यात होती. लग्नाचे आणि माझ्या बाबांचे सगळे फोटो त्यात आहेत. आम्ही ती पुसली, आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली आणि मग भीती वाटून कपाटात टाकली. आता मुलगा म्हणतोय, एकदा लावून तर बघू. लावू का?
– गृहिणी, चिपळूण

नको. आज केबल लपवून ठेवा आणि मुलाला हे वाचायला द्या.

हार्ड डिस्क हवाबंद असते असा बहुतेकांचा समज असतो. ती तशी नसते. तिच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि शेजारी ते झाकू नका अशी इंग्रजीत सूचना. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते भोक ठेवलेलं असतं, त्याला आतून गाळणीही असते. ती गाळणी धूळ अडवते. दीड दिवस डोक्यावर असलेलं वाशिष्ठीचं पाणी ती अडवत नाही. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क तेवढ्या खऱ्या सीलबंद, पण घरगुती छोट्या पेटीत त्या नसतात.

आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. चालू केल्यावर त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांना न टेकता, हवेच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. पुराच्या पाण्याचा वाळलेला डागसुद्धा त्या हेडच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो. डिस्क चालू केलीत की हेड त्यावर आपटणार, मोडणार आणि मोडलेल्या टोकाने तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडणार. फोटो आहेत ते त्या थरातच. त्याची एकदा भुकटी झाली की जगातली कुठलीही लॅब ती परत चिकटवू शकत नाही. ‘एकदा लावून बघू’ मधलं ते एकदा शेवटचं ठरू शकतं.

तांदळाचं खूळ मोबाइलवरून आलं. तांदूळ आतला गाळ काढत नाही. गाळ आतच वाळतो आणि तबकडीला धरून बसतो. खरं तर भिजलेली डिस्क वाळवायचीच नसते. ओलसर फडक्यात गुंडाळायची, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि आहे तशी लॅबला न्यायची.

हे मी ऐकीव सांगत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. माझ्या दुकानात छातीइतकं पाणी होतं. पाणी उतरल्यावर लोक डिस्क घेऊन यायला लागले. एका अडत दुकानाच्या मालकांनी त्यांची डिस्क हेअर ड्रायरने कडकडीत वाळवून, संगणकाला जोडून बघून आणली होती. “चालू होतीय ताई, फक्त आवाज येतोय,” म्हणाले. मी कानाला लावली तर पाट्यावर खडा ओढावा तसा आवाज. पुण्याच्या लॅबने उघडल्यावर फोटो पाठवला : तबकडीवर गोल चकचकीत कडी उमटली होती, आणि त्या कड्यांतून खालची काच दिसत होती. दहा वर्षांचे हिशेब त्या काचेवर नव्हते.

त्याच आठवड्यात एक गुरुजी आले. त्यांची डिस्क गढूळ पाण्यासकट स्टीलच्या डब्यात. “पुसायलाही सवड झाली नाही हो, घर धुण्यातच दिवस गेले,” असं ओशाळून सांगत होते. त्यांचं जवळपास सगळं परत मिळालं.

आणि माझं स्वतःचं? दुकानाच्या हिशेबांचा बॅकअप मी दर शनिवारी इमानदारीत वेगळ्या डिस्कवर घेत होते. ती डिस्क ठेवलेली होती त्याच दुकानात, त्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद कशी कुजली, पेवं कशी खचली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. आणि चौदा वर्षांनी माझं पेव मी नदीच्या बाजूलाच ठेवलेलं. गिऱ्हाइकांना ज्ञान देणारी बाई पुढचे चार महिने बिलांच्या झेरॉक्स मागत गावभर फिरत होती.

आता तुमचं. इतक्या वर्षांत आत गंज धरला असेल, त्यामुळे आशा कमी आहे, पण संपलेली नाही. डिस्क ‘क्लीन रूम’, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेची खोली, असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या. देण्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्या : तपासणीचे किती, काम करण्याआधी खर्चाचा आकडा सांगणार का, आणि काही निघालं नाही तर किती आकारणार. नुसत्या टेबलावर पंख्याखाली झाकण उघडतो म्हणणारा भेटला तर डिस्क उचला आणि चालू लागा. मी स्वतः इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाची एकही डिस्क उघडलेली नाही. ‘खालचा बोर्ड बदलला की झालं’ असंही कुणी सांगेल. जुन्या डिस्कमध्ये ते चालायचं. आता त्या बोर्डवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापं भरलेली असतात. दुसरा बोर्ड लावला तर ती स्वतःलाच ओळखत नाही. म्हणून मूळ बोर्ड कितीही गंजलेला असला तरी फेकू देऊ नका.

दरम्यान लग्नाच्या फोटोग्राफरला फोन करा. आणि बाबांचे फोटो भावंडांकडे, आत्याकडे, त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या लोकांकडे मागा. लॅबपेक्षा आत्या स्वस्त पडते आणि बऱ्याचदा जास्त देते.

१ टीबीची डिस्क घेतली, पण संगणक ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

नाही सर. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. एकावर बारा शून्यं लिहा, १०२४ ने तीनदा भागा, ९३१ येतात. ६४ जीबीचा पेनड्राईव्ह याच हिशेबाने साडेएकोणसाठ दाखवतो. दुकानदाराची माफी मागायची की नाही ते तुम्ही बघा.

आमच्या छापखान्यात १९९७ ते २००२ मधल्या दिवाळी अंकांच्या फाइली आहेत : तिसेक फ्लॉप्या, चार झिप डिस्क आणि थोड्या सीडी. अंकांच्या छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. यातून काही निघेल का? एक फ्लॉपी घालून बघितली तर ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतोय.
– मुद्रक, सोलापूर

सगळ्यात आधी त्याला ‘नको’ म्हणा. आणि बाकीच्या फ्लॉप्या त्या ड्राईव्हमध्ये घालणं थांबवा. का ते सांगते.

तुमच्या फ्लॉप्या साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या असणार. त्यांची धातूची झडप बोटाने सरकवा आणि आतली तपकिरी चकती उजेडात हळूहळू फिरवून बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. तशी फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घातली की हेड बुरशीने माखतं आणि त्यानंतर घातलेली धडधाकट फ्लॉपीही ओरबाडतं. एका नासक्या आंब्याने अख्खी अढी जाते, तसं. तुमची पहिली फ्लॉपी कदाचित चांगली होती आणि ड्राईव्हच घाण होता, हेही शक्य आहे.

म्हणून आधी वर्गवारी करा. डाग नसलेल्या फ्लॉप्या एका बाजूला. यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राईव्ह अजून मिळतो, तो साडेतीन इंचीला पुरतो. प्रत्येक फ्लॉपीची आधी अख्खी प्रतिमा काढून घ्या, म्हणजे फाइली निवडून कॉपी न मारता पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे वर सांगितलेला गठ्ठा) शेवटच्यापर्यंत सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये. नंतर जी काय खटपट करायची ती त्या प्रतिमेवर. जुनी फ्लॉपी पाचव्यांदा वाचायला गेलात तर तिसऱ्यांदा दिलं होतं तेही देत नाही. बुरशीवाल्या शेवटी घ्या : प्लास्टिकचं कवच उघडून चकती शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाने हळुवार पुसून, वाळवून, दुसऱ्या स्वच्छ कवचात. हे काम तुमच्याकडच्या सगळ्यात शांत माणसाला द्या, घाईच्या माणसाला नको.

झिप डिस्क म्हणजे ती जाड, निळसर, १०० एमबीची. फ्लॉपीत न मावणारं पान प्रोसेसिंगवाल्याकडे न्यायला नव्वदच्या दशकात डीटीपीवाल्यांच्या पिशवीत ती हमखास असे. तिला तिचाच ड्राईव्ह लागतो. यूएसबीवाला मिळाला तर तोच घ्या. पॅरलल पोर्टवाला मिळाला तर त्यासाठी तेवढाच जुना संगणकही शोधावा लागेल.

समजा, सगळं निघालं. तुम्ही आनंदाने फाइल उघडाल आणि स्क्रीनवर दिसेल इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. माझ्याकडे असे दोघं रडकुंडीला येऊन गेले आहेत. फाइल खराब झालेली नसते. त्या काळात आपण श्रीलिपी किंवा आयएसएमचे फाँट वापरायचो. त्यांत ‘क’ चा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेला असायचा, कुठे कुठला हे प्रत्येक फाँटचं वेगळं. फाँट असला तर मराठी, नसला तर चिवडा. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची ठरलेली जागा देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण आपल्या छापखान्यांत ती रुळायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

तेव्हा फ्लॉप्यांइतक्याच तळमळीने दोन गोष्टी शोधा : त्या वेळचे फाँट, आणि पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर ज्यावर चालतं असा जुना संगणक. कुणा ना कुणा डीटीपीवाल्याच्या माळ्यावर तो असतोच. पानं उघडली की लगेच पीडीएफ करा, म्हणजे मांडणी वाचली. मग मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्या. त्यानंतर मात्र मुद्रितशोधकाला पर्याय नाही. रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, पहिली वेलांटी एक घर मागे राहते, ‘श्र’ आणि ‘क्ष’ भलतंच काही होतात. सहा वर्षांचे अंक म्हणजे एखाद्या निवृत्त मुद्रितशोधकाचा एक पावसाळा धरा.

पॉवरलूमचे हिशेब ज्या लॅपटॉपवर आहेत तो इतका संथ झालाय की टॅली उघडेपर्यंत चहा होतो. नवीन घ्यावा की एसएसडी टाकावी?
– यंत्रमाग व्यावसायिक, इचलकरंजी

एसएसडी टाका. हार्ड डिस्कमध्ये हवी ती जागा हेडखाली येण्याची वाट बघावी लागते. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, वर हेड सरकण्याचा वेळ. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या तर सेकंदाला साठ-सत्तर, संपलं. विंडोज आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर तर हजारो बारीक फाइली इकडून तिकडून मागत असतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो.

घेण्याआधी मागचं झाकण काढून बघा. अडीच इंची चौकोनी डिस्क असेल तर साटा एसएसडी, ती सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते. च्युइंगमच्या पट्टीसारखी एम.टू असेल तर नीट विचारा, कारण त्या पट्टीत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात. दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. लॅपटॉपचा मॉडेल नंबर दुकानदाराला दाखवा.

आणि एक. सगळं नव्या एसएसडीवर उतरवण्याआधी जुनीची तब्येत बघून घ्या. स्मार्ट नावाची नोंद डिस्क स्वतःच ठेवते, ती दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. त्यात ‘रीअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि ‘पेंडिंग’ (वाचताना अडलेल्या जागा) या दोन ओळी शून्य हव्यात. पेंडिंग वाढत असेल तर संथपणाचं कारण तेच, आणि मग आधी हिशेबाचा डेटा बाहेर काढा, बाकीचं नंतर.

मुलगा अमेरिकेतून दोन एसएसडी घेऊन आला आणि घरचे सगळे फोटो त्यात भरून गेला. म्हणाला, कपाटात ठेवा, वीस वर्षं बघायला नको. माझ्या मित्राचं म्हणणं, बंद एसएसडी विसरते; डीव्हीडी करा. कुणाचं खरं?
– वय ७८, पुणे

काका, मित्राचं पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही.

एसएसडी काय आणि पेनड्राईव्ह काय, दोन्हींत फ्लॅश चिप असते. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात काढली. तिच्यात असंख्य सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत विजेचा भार कोंडलेला. भार किती, यावरून आत काय लिहिलंय ते कळतं. कोंडलेलं ते कोंडलेलंच राहत नाही, हळूहळू पाझरतं, उन्हाळ्यात जास्त. पूर्वी एका पेशीत एकच बिट ठेवायचे. आता तीन-चार ठेवतात, त्यामुळे थोडं पाझरलं तरी वाचताना गोंधळ होतो. मानक असं सांगतं की लिहून-पुसून पार झिजलेली घरगुती एसएसडी ३० अंशांत बंद ठेवली तर निदान वर्षभर तरी टिकली पाहिजे. तुमच्या नव्या आहेत, एकदाच भरल्या आहेत, त्या याहून बऱ्याच जास्त टिकतील. पण वीस वर्षांचा शब्द मी देणार नाही. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा, दोन्ही संगणकाला लावा, तासभर चालू ठेवा, आतले फोटो उघडून बघा. त्यापेक्षा उत्तम म्हणजे त्यांतल्या एकीच्या जागी साधी हार्ड डिस्क ठेवा. चुंबक असा पाझरत नाही. तिचं दुखणं वेगळं : पडली की गेली. दोघींची दुखणी वेगवेगळी म्हणूनच जोडी चांगली. आणि एक मुलीकडे किंवा पुतण्याकडे, दुसऱ्या पेठेत राहू द्या. माझा खालचा कप्पा वर वाचलातच.

एसएसडीवरचं काही चुकून पुसू मात्र नका. हार्ड डिस्कवरून पुसलेलं बऱ्याचदा परत काढता येतं, कारण दुसरं काही वर लिहिलं जाईपर्यंत ते तिथेच असतं. एसएसडी मोकळी झालेली जागा फावल्या वेळात स्वतःच साफ करून टाकते.

डीव्हीडीचं म्हणाल तर कारखान्यात छापलेली वेगळी आणि आपण घरी लिहिलेली वेगळी. घरच्या तबकडीत लेझरने रंगद्रव्याचा थर जाळलेला असतो. तो ऊन, उष्मा आणि दमटपणात फिका पडतो. २००४ साली स्टुडिओने दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडी आता माझ्याकडे येतात त्यांतल्या कित्येक अर्ध्यावर अडतात. काहींवर हौसेने देवाचं आणि नवरा-नवरीचं स्टिकर चिकटवलेलं असतं. ते एका बाजूने आक्रसतं आणि तबकडी वाकते. तुमच्याकडे सीडी असतील तर एक लक्षात ठेवा. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरची टेबलावर घासतात. सीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूला लगटून असतो, वर नुसता लाखेचा पापुद्रा. खालचा ओरखडा घासून घालवता येतो, वरचा नाही. अशा सगळ्या आता एकदा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

जत्रेत ४९९ रुपयांत २ टीबीचा पेनड्राईव्ह मिळाला. सगळे व्हिडिओ टाकले. नावं दिसतात पण एकही उघडत नाही. दुरुस्त होईल का?
– वाचक, बीड

दुरुस्त करण्यासारखं त्यात काही बिघडलेलंच नाही. तो पहिल्यापासून ८ किंवा १६ जीबीचाच आहे. त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे कारभार बघणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलंय, संगणकाने विचारलं की तो २ टीबी म्हणतो. खरी जागा भरली की पुढचं तो स्वीकारतो आणि सोडून देतो किंवा आधीच्यावरच लिहितो. नावांची यादी सुरुवातीला असते म्हणून ती वाचते. व्हिडिओ मूळ मोबाइलवर असतील तर तिथून पुसू नका. पुढच्या वेळी नवा पेनड्राईव्ह घेतलात की आधी एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने तो काठोकाठ भरून परत वाचून बघा. लिनक्सवर त्यासाठी एफथ्री आहे. रात्रभर लागेल, लागू द्या.

सहकारी बँकेत आम्ही रोज संध्याकाळी टेपवर बॅकअप घ्यायचो. आता नातवाला सांगितलं तर हसतो. टेप खरंच संपली का?
– निवृत्त बँक अधिकारी, नाशिक

नातवाला विचारा, त्याचं जीमेल कशाने वाचलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका चुकीने काही जीमेल खाती रिकामी झाली. गूगलने अनेक डेटा सेंटरांत ठेवलेल्या प्रतींनाही त्याच चुकीची झळ लागली. शेवटी पत्रं परत आली ती टेपवरून, कारण टेप फडताळात होती आणि चुकीचा हात फडताळापर्यंत पोचत नव्हता.

तुमच्या वेळची २४०० फुटांची गोल रिळं गेली. आता एलटीओ नावाची तळहाताएवढी कॅसेट असते, २००० साली आलेली. तिच्या नवव्या पिढीत साधारण १ किलोमीटर फीत आणि १८ टीबी जागा. खंडणी मागणारे व्हायरस सुरू झाल्यापासून मोठ्या कंपन्यांना ती पुन्हा आवडायला लागली आहे. फडताळातल्या कॅसेटला व्हायरस लागत नाही. घरी घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. कॅसेट स्वस्त असते, पण तिचा ड्राईव्ह महाग असतो, आणि नवव्या पिढीचा ड्राईव्ह एकच पिढी मागची कॅसेट वाचतो. बँकेत तुमच्याकडे ती रिळं अजून जपलेली असतील तर ती वाचणारं यंत्रही जपलंय का, एवढं तेवढं विचारून बघा.

जाता जाता : दोन वाचकांनी पाकिटात पत्राबरोबर थेट पेनड्राईव्हच घालून पाठवले आहेत, ‘बघून सांगा’ म्हणून. अनोळखी पेनड्राईव्ह मी माझ्या संगणकाला लावत नाही, तुम्हीही लावू नका. एक साध्या पाकिटातून आला होता, टपालाच्या शिक्क्याखाली चेपून त्याचं टोक वाकलंय. दोन्ही न उघडता परत पाठवलेत, या वेळी पुठ्ठ्याच्या डबीत.